जिजींची कात्री

दसरा जवळ आला की मानवतच्या आमच्या गल्लीत काही फाटकांना दिवसाढवळ्या कुलपं लागायची. नव्या माणसाला वाटावं, चोरांचा सुळसुळाट झालाय. चोर कुठले? आमच्या घरमालकीणबाई कात्री घेऊन निघालेल्या असायच्या.

सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. उंच, काटक, सुती नऊवारी, आणि कमरेला कनवटीत खोचलेली झाडं छाटायची कात्री. इतर बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात तशी. सकाळी फिरायला म्हणून निघायच्या आणि ज्या फाटकाआड गुलाब दिसेल त्या फाटकात शिरायच्या. ना विचारणं ना पुसणं. तोंडात ब्रश धरून घरधनी बाहेर येईपर्यंत गुलाबाचे नुसते खुंट उरलेले असायचे.

"अहो जिजी, काय केलंत हे!"

"रडू नको. थंडी पडू दे, मग बग."

थंडी पडायची, आणि आमच्या परभणी जिल्ह्याची थंडी म्हणजे दात वाजवणारी. त्या थंडीत गुलाब असे यायचे की घरधनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. जिजींचं नाव मात्र काढायचा नाही. पुढच्या दसऱ्याला पुन्हा कुलूप.

मी मूळची कोकणातली. बँकेतल्या नोकरीनं मला इथं आणून टाकलं. खोली बघायला गेले तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या डब्यात लावलेली घरची तुळस. जिजींनी माझं नाव, गाव, जात, पगार यातलं काही विचारलं नाही. डबा हातात घेतला, तिरपा केला. आतून काळं पाणी ओघळलं.

"खाली भोक न्हाई ह्याला."

"नाही, घरात पाणी सांडतं म्हणून..."

"तू बादलीत पाय बुडवून झोपतीस का?"

"नाही."

"मग हिला कामून झोपवायलीस?" त्यांनी माझ्यासमोर डब्याला तापल्या सळईनं भोकं पाडली, तुळशीच्या मंजिऱ्या चिमटीनं खुडल्या आणि मग वर बोट दाखवून म्हणाल्या, "वरची खोली तुजी." त्या खुडलेल्या मंजिऱ्या बघून माझा जीव वरखाली झाला. आमच्याकडं तुळशीला नखसुद्धा लावत नाहीत. पण बी धरलं की तुळस म्हातारी होते, हे जिजींचं गणित. ती तुळस पुढं माझ्या कमरेला लागली, तेव्हा मी गणित मान्य केलं.

जिजींचं माहेर झरीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणी चालत चालत निम्मा मराठवाडा तुडवलेला. सासर इथलं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, तो गेला, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. मागं राहिलं दोन मजली घर आणि त्याच्या पुढचं ऐसपैस अंगण. अंगण कसलं, ते काळ्या मातीचं एक रानच होतं. उन्हाळ्यात पाय जाईल अशा भेगा, पावसाळ्यात चपलेला वीटभर चिखल. मी लाल मातीतून आलेली, मला ही माती अंगावर यायची. जिजी म्हणायच्या, "हिच्याशी वाद घालू नको. पानी कमी घाल, खुरपं जास्त चालव. वरची माती हालवली की अर्धं पानी दिल्यासारखं हाय." नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात हा सल्ला सोन्यासारखा होता.

आमच्या शेजारी कापडदुकानवाल्या काकू. गोऱ्या, गोलमटोल, अतिशय मायाळू बाई. त्यांच्या मायेचा सगळ्यात जास्त त्रास झाडांना व्हायचा. कढीपत्ता पिवळा पडला की पाणी, मोगरा फुलला नाही की पाणी, पान गळालं की पाणी. कुंड्यांतली मुळं सडून जायची आणि काकू डोळ्याला पदर लावून नवीन रोप आणायच्या. जिजी भिंतीवरून ओरडायच्या, "अगं, ही माया न्हाई, बुडवनं हाय!" त्यामुळं दसऱ्याला कुलूप लावणाऱ्यांत काकूंचा नंबर पहिला असायचा.

एकदा काकूंच्या जास्वंदीला पांढरं पांढरं काहीतरी लागलं. काकूंना वाटलं, जिनिंगमधून उडून आलेली रुई चिकटली असेल. त्यांना हसू नका. मानवतला हंगामात दारं-खिडक्या, दोरीवरचे कपडे, माणसांच्या मिशा, सगळीकडं रुई असते. काकू महिनाभर ती रुई जास्वंदीवर कौतुकानं बघत राहिल्या. कळ्या गळून गेल्या, शेंडे आकसले. मग एक दिवस जिजी कुलूप नसलेलं बघून आत शिरल्या, आणि काकूंचं बोट धरून त्या पांढऱ्यावर टेकवलं.

"ही रुई चालायली बग."

काकू किंचाळल्या, ते मला वर ऐकू आलं. रुई कसली, पिठ्या कीड होती ती. पुढं आठ दिवस जिजी दात घासायचा जुना ब्रश आणि रिठ्याचं पाणी घेऊन एकेक फांदी धूत होत्या, आणि बुंध्याशी लागलेली मुंग्यांची रांग मोडत होत्या. "मुंगी तिची पालखी वाहती. आधी मुंगी तोड." जास्वंद वाचली. काकूंनी जिजींना शिरा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला पुन्हा कुलूप घातलं.

मेंढरांचा किस्सा तर मी बँकेत अजून सांगते. सुगी संपली की आपल्या रानात मेंढरं बसवतात, म्हणजे मेंढपाळाला बोलावून कळप रात्रभर शेतात ठेवतात. लेंड्या-मुतानं जमीन धष्टपुष्ट होते. हे शेतात. जिजींनी मेंढरं अंगणात बसवली! मी बँकेतून संध्याकाळी घरी येते तर गल्लीच्या तोंडापासून लोकर. जिजींचा भाचा काठी घेऊन "हुर्र, हुर्र" करतोय, मेंढरं आमच्या फाटकातून आत शिरतायत, आणि जिजी झाडांच्या बुंध्यांना पोती गुंडाळून पाहुण्यांचं स्वागत करायला उभ्या. मला जिन्यापर्यंत जायला वाट मिळेना. गल्लीतले लोक नाकाला रुमाल लावून जमले. कुणी म्हणालं, तक्रार करू. कुणी म्हणालं, ही काय वस्ती आहे की वाडगं? जिजी शांतपणे म्हणाल्या, "एका रातीचे पाव्हणे हायेत. सकाळी जातील. तुमच्या पाव्हण्यासारखे चार दिवस ऱ्हानार न्हाईत." भाच्याला पिठलं-भाकरी, आणि मला खिडकी बंद करून झोपायचा हुकूम. उजाडायच्या आत कळप गेला. त्या वर्षी आमच्या अंगणातली वांगी मी हातात धरून फोटो काढून आईला पाठवले.

एवढं सगळं खरं. पण जिजींची एक दुखरी जागा होती, आणि ती अंगणाच्या मधोमध उभी होती. लिंबोणी. बाजारातल्या गाडीवाल्यानं शपथ घेऊन दिलेली. झाड डेरेदार, काटे बोटाएवढे, पण आजवर तिला एक फूल आलेलं नव्हतं. गावाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्या दारात न फळणारी लिंबोणी! लोक सोडतात होय? पाठीमागं "वांझ झाड" म्हणायचे. तो शब्द कानावर पडला की जिजी पेटायच्या. "वांझ म्हनू नको कुनाला. झाडाला बी ऐकू येतं."

त्या श्रावणात जिजी चिखलात घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर आलं. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, आईचा हात बघितला, अंगण बघितलं, आणि म्हणाला, "गुढीपाडव्याला येतो तेव्हा सगळीकडं सिमेंटचे गट्टू बसवून टाकू. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत. चिखल नको आन् पडणं नको."

मुलगा वाईट नव्हता. रोज संध्याकाळी आईला फोन करणारा होता. आई अंगणात पडली आणि अर्धा तास कुणाला कळलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

"झाडं?" जिजींनी विचारलं.

"कुंड्या घेऊ की भारीतल्या."

"आन् लिंबोनी?"

"आई, जिला आजवर एक फूल आलं नाही तिच्यासाठी तू हातपाय मोडून घेणार का?"

मी जिन्यात उभी होते. जिजींचा चेहरा कधी नव्हे तो उतरलेला मी बघितला. अंगण गेलं तर ही बाई काय करणार, हे मला दिसत होतं. फुलदाणीसारखी खुर्चीत बसणार. मग जिजी म्हणाल्या, "पाडव्यापातुर लिंबोनीला फूल दिसलं न्हाई, तर तू गट्टू बसव. मी चकार शब्द काढनार न्हाई."

मुलगा हसला. शब्द ठरला.

आता लिंबाच्या झाडाचं एक असतं. त्याला सारखं पाणी मिळालं की ते नुसतं पानं काढत बसतं. फुलं हवी असतील तर काही दिवस त्याचं पाणी तोडायचं, वरची मुळं उघडी करून ऊन दाखवायचं. झाडाला ताण बसतो, पानं पिवळी होऊन झडतात. नीट ताण बसल्यावर खत-पाणी दिलं की झाड फुलांवर येतं. आमच्या काळ्या मातीत ओल लवकर जात नाही, म्हणून तिला जास्त दिवस ताणावं लागतं. बागाईतदारांना हे पाठ असतं. जिजींनी दारातल्या झाडावर कधी केलं नव्हतं, कारण बाजूला भाजी होती आणि तिला पाणी लागायचं. या वेळी त्यांनी भाजीवर पाणी सोडलं, म्हणजे भाजी लावलीच नाही. प्लॅस्टर निघालेल्या दुबळ्या हातानं लिंबोणीची मुळं उकरली. झाड पिवळं पडायला लागलं. रोज सकाळी पानांचा सडा. रस्त्यानं जाणारे थांबून हळहळायचे. काकू भिंतीवरून म्हणायच्या, "जिजी, मरतंय हो ते." जिजी म्हणायच्या, "मरत न्हाई. विचार करायलंय."

संक्रांतीच्या सुमाराला झरीला त्यांच्या भावाच्या घरी लग्न निघालं. जिजी दहा-बारा दिवस गेल्या. मीही सुट्टी काढून गावी गेले.

मी परत आले तो जिजीही त्याच दुपारी एसटीनं उतरल्या. आम्ही दोघी बरोबरच फाटकातून आत आलो. लिंबोणीच्या आळ्यात पाणी तुडुंब, आणि झाडावर कोवळी, तांबूस, लुसलुशीत पालवी. नुसती पालवी. भिंतीपलीकडून काकूंचा आनंदानं फुललेला चेहरा वर आला.

"जगवलं बघा तुमचं झाड! रोज पाणी घातलं. आमच्या ह्यांना सांगून नळी लावली भिंतीवरून. गल्लीतल्या सगळ्या बायका तांब्या-तांब्या घालून गेल्या."

मी डोळे मिटून घेतले. आता भिंत पडणार, असं मला वाटलं. एका पिवळ्या पानासाठी गल्ली डोक्यावर घेणारी बाई ही. आणि इथं तर तिचं अख्खं अंगण गेलं होतं.

जिजी झाडाजवळ गेल्या. एक कोवळं पान बोटात धरलं, सोडलं. म्हणाल्या, "बरं केलंस, माय." आणि घरात गेल्या.

मी मागोमाग गेले. "जिजी, सांगितलं का नाही त्यांना? आता फूल नाही येणार ना?"

"आता न्हाई येत."

"मग?"

जिजी माठातलं पाणी प्यायल्या. "कुलूप लावनारी बाई ती. मी न्हाई तर रोज येऊन माज्या झाडाला पानी घातलं तिनं. घरात प्यायला नळ आठ दिवसांनी येतो. तिला मी आता काय बोलू, तूच सांग." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "आन् तू बी बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी बोलले नाही. पाडव्यापर्यंत नाही. पाडव्याला मुलगा आला, सोबत गट्टूवाला मिस्त्री टेप घेऊन आला. लिंबोणी हिरवीगार, पानांनी भरलेली, एक कळी नाही. जिजी ओट्यावर बसून गुढीच्या पितळी तांब्याला चिंच लावत होत्या. मुलानं एकदा आईकडं बघितलं. त्यालाही ते जड जात होतं. जिजी म्हणाल्या, "माप घ्या, मिस्त्री. लिंबोनीची जागा बी धरा." तांब्या घासायच्या थांबल्या नाहीत.

मला मात्र राहवलं नाही. मी मागच्या दारानं काकूंकडं गेले आणि पाण्यानं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. काकूंचा रंगच उडाला. चुलीवर पुरण तसंच टाकून, नव्या साडीत, पुरणाचा झारा हातात घेऊन ती मऊ बाई आमच्या फाटकातून आत आली आणि मिस्त्रीच्या टेपवर पाय देऊन उभी राहिली.

"गुंडाळा आधी ते."

"काकू, काय झालं?" मुलगा म्हणाला.

"फूल आलं नाही ते माझ्यामुळं. पाणी मी घातलं. तुझ्या आईनं उपाशी ठेवलं होतं झाडाला, फुलं यावीत म्हणून. मला कुठं ठाऊक? आणि ही बाई..." काकूंना पुढं बोलता येईना. त्यांनी झारा जिजींकडं रोखला. "ही बाई मला एक शब्द बोलली नाही हो! गुलाबाला पाणी जास्त झालं म्हणून मला म्हैस म्हणाली होती, आणि आता एक शब्द नाही!"

मुलानं आईकडं बघितलं. जिजींनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला पुढं महिनाभर पुरलं.

"मग आता?" मुलगा म्हणाला.

"मृग बहार हाय अजून, पावसाच्या तोंडचा," जिजी तांब्याकडं बघत म्हणाल्या. "उन्हाळ्यात ताण बसंल. पोळ्यापातुर दिसंल काय ते."

"बरं. पोळ्यापर्यंत."

तो उन्हाळा मी विसरणार नाही. लिंबोणीला पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून अख्खी गल्ली राखणीला बसली. टँकरवाल्याची नळी जरा आमच्या फाटकाकडं वळली की चार बायका अंगावर धावून जायच्या. सगळ्यात पुढं काकू. वैशाखात जिजींचा भाचा पुन्हा मेंढरं घेऊन आला. या वेळी रुमाल कुणाच्या नाकाला नव्हते. काकूंनी फाटकातून विचारलं, "उद्या आमच्याकडं बसवता का?" भाचा चक्रावला. त्या आठवड्यात गल्लीतल्या अंगणाअंगणांतून मेंढरं बसली. तक्रार करू म्हणणाऱ्यांनी आपल्या आंब्याला पोतं गुंडाळून ठेवलं होतं.

मृग लागला. जिजींनी मुळांवर लेंडीखत ओढलं, माती सारली, आळं केलं. पाणी द्यायची वेळ आली आणि आभाळ कोरडंठाक. नळ येऊन आठवडा उलटला होता. ज्याच्या त्याच्या घरी पिंपात तळाला पाणी. जिजींचा स्वतःचा हौद मी सकाळीच बघितला होता, खडखडीत. आणखी ताणलं तर झाड खरंच जाईल, असं त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, कुणाकडं मागितलं नाही.

संध्याकाळी फाटक वाजलं. काकू उभ्या. कडेवर भरलेली कळशी. त्यांच्या मागं गल्लीतल्या बायका, कुणाकडं घागर, कुणाकडं बादली, कुणाकडं नुसता तांब्या. त्या दिवसांत घरातलं तेवढं पाणी काढून आणणं म्हणजे काय, हे त्या गावात राहिलेल्यालाच कळेल. काकू आळ्यापाशी आल्या आणि थबकल्या. कळशी तिरपी करायचा त्यांना धीर होईना.

"घालू का?" त्यांनी विचारलं.

जिजींनी त्यांच्या कळशीखाली आपला हात लावला. "घाल, माय. आता येळ झाली."

पावसाला अजून उशीर होता, पण लिंबोणीला आषाढात फुलं आली. पांढरीशुभ्र, फांदीफांदीला. बँकेतून येताना वास गल्लीच्या तोंडाशी लागायचा. गल्लीतली माणसं पाहुण्यांना आमचं फाटक उघडून आणून दाखवायची, जशी काही लिंबोणी त्यांचीच. मीही दाखवायची. माझ्या घरमालकीणबाई आहेत, असं प्रत्येकाला दोनदा सांगायची.

पोळ्याला मुलगा आला तेव्हा फुलांच्या जागी हिरवी फळं धरली होती. त्यानं काट्यांतून हात घालून एक फळ धरलं. काटा लागला तरी हात काढला नाही. मग म्हणाला, "आई, फाटकापासून दारापर्यंत पायवाट तरी करू? तेवढेच गट्टू."

"कर की. पडायचा मला बी काई शौक न्हाई."

माझी बदली पुढं झाली. आता मी दुसऱ्या शहरात फ्लॅटमध्ये राहते, गॅलरीत मोगरा आहे, आणि संक्रांत झाली की जिजींचा फोन येतो, "मोगऱ्याचं पानी तोडलंस का?" पण निघण्याआधीचा दसरा मला तिथं मिळाला. त्या सकाळी मी वरून बघत होते. जिजी कात्री खोचून नव्या पायवाटेवरून निघाल्या. काकूंच्या फाटकाशी आल्या आणि थांबल्या. कुलूप नव्हतं. फाटक सताड उघडं, आणि गुलाबाशेजारी काकू वाट बघत उभ्या.

"या," काकू म्हणाल्या. "कापा."

जिजींनी कनवटीची कात्री काढली. आजवर ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली मी पाहिली नव्हती, मुलाच्या नाही, माझ्याही नाही. त्यांनी ती काकूंच्या हातात दिली.

"तू काप. मी उभी ऱ्हाते."

काकूंनी डोळे बारीक करून, श्वास धरून, शेंड्याकडचं एक बोटभर टोक छाटलं. आणि शाबासकीसाठी मागं वळून बघितलं.

"अजून खाली," जिजी म्हणाल्या.